आधी आमी, मग पोरगी

“आधी आमी वाचणार, ताई. मग पोरगी.”

पुस्तक हातात आलं की मिस्त्री हे बोलायचेच. बोलता बोलता पुस्तक तळहातावर घेऊन जोखायचे, कव्हरवरून अंगठा फिरवायचे आणि मग पिशवीत असं ठेवायचे, जणू आत अंडी आहेत.

मानवतच्या आमच्या वाचनालयात मी बरीच वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते. मुलांसाठी पुस्तक न्यायला येणारे पालक तुम्हीही पाहिले असतील. ‘काहीतरी बोधपर द्या’ म्हणतात, वर असेल ते उचलतात आणि निघतात. मिस्त्रींचं तसं नव्हतं. बाजाररस्त्याला त्यांचं मोटारी भरून देण्याचं दुकान होतं. शेतातल्या पाण्याच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या आणि नवी तांब्याची तार भरून, वर वॉर्निश चढवून परत जायच्या. शुक्रवारी नमाज झाली की ते पांढऱ्या कुर्त्यात, अत्तराचा आणि वॉर्निशचा एकत्र वास अंगावर घेऊन वाचनालयात हजर व्हायचे.

त्यांची आफरीन तेव्हा सातवीत होती, मराठी शाळेत. गोष्टीच्या पुस्तकांची तिला भारी ओढ. पण मिस्त्रींनी पास केल्याशिवाय एकही कादंबरी तिच्या हाती पडत नसे, आणि मिस्त्रींची परीक्षा कडक होती.

एकदा त्यांनी एका चतुर कोल्ह्याचं पुस्तक परत आणलं.

“का हो, आवडलं नाही?”

“मला लय आवडलं. पण कोल्हा पहिल्या पानापासून खोटंच बोलायलाय आणि शेवटी त्यालाच बक्षीस. पोरीनं काय शिकावं?”

दुसऱ्या पुस्तकातला मुलगा वडिलांना उलट बोलत होता. तिसऱ्यात एक जादूचा खडा होता, त्याच्याकडे काहीही मागितलं की मिळायचं. “मागायचं ते अल्लाकडं. खड्याकडं कशाला?” असं म्हणून तेही परत. मी मनात म्हणे, असं चाळत राहिलात तर पोरगी म्हातारी होईल.

मग एका शुक्रवारी जादूच्या खड्याचं तेच पुस्तक त्यांनी पुन्हा मागितलं. चेहरा पडलेला.

“घरातून हुकूम झालाय,” ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं, की परीक्षक दोन आहेत. त्यांची बायको पालमची, उर्दू शाळेत शिकलेली. मराठी बोलायला यायची, वाचायला नाही. त्यामुळे संध्याकाळी ती चुलीपुढे बसली की मिस्त्री शेजारी पाटावर बसून तिला पुस्तक वाचून दाखवायचे. अडलं तिथे आपल्या भाषेत समजावून सांगायचे. तिनं ऐकायचं आणि मग दोघांनी मिळून ठरवायचं. जादूचा खडा अर्ध्यावर थांबवून त्यांनी पुस्तक परत केलं होतं आणि पुढे काय झालं म्हणून ती हटून बसली होती.

एकदा मशिदीत ओळखीच्या कुणीतरी मिस्त्रींना टोकलं. गोष्टी म्हणजे सगळ्या खोट्या, पोरीच्या डोक्यात खोटं कशाला भरता? मिस्त्री घाबरून घरी आले. बायकोनं तवा उतरवला आणि म्हणाली, “सपने भी झूटेच रहते. सोना बंद करना क्या?”

हे मला सांगताना मिस्त्री इतके हसले की डोळे पुसावे लागले. “आता ह्याच्यावर काय बोलणार, ताई?”

एक पुस्तक मात्र हसण्यावारी गेलं नाही. किल्ल्यावरच्या एका धाडसी मुलाची ती गोष्ट होती, सगळ्या मुलांची आवडती. मिस्त्रींनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि समोर बसले. एरवी ते उभ्याउभ्याच बोलत.

“लय भारी लिहिलंय. भाकर हातातच राहिली माझी,” ते म्हणाले. “पण ताई, ह्याच्यात आमच्यातला एकबी माणूस बरा न्हाई. जो येतो तो दगाच देतो. एखादा नुसता पाणी पाजणारा तरी ठेवायचा.”

मी विचारलं, “कपाटातून काढून ठेवू का?”

“काढता कशाला? बाकीच्या पोरांना वाचू द्या. गोष्ट चांगली हाय. पण माझ्या पोरीनं विचारलं, अब्बा, आपण असे असतो का, तर तिला काय सांगू, तेवढंच मला सुचंना.”

मग आम्ही दोघांनी मिळून मुलांचं कपाट धुंडाळलं. आफरीनसारखी एखादी मुलगी कुठे भेटते का, शाळेत जाणारी, भांडणारी, गणिताला घाबरणारी. नाही भेटली. भेटले ते प्रेमळ चाचा. या पुस्तकात चाचा, त्या पुस्तकात चाचा. ईदच्या दिवशी यायचं, सगळ्यांना शीरखुर्मा वाटायचा आणि निघून जायचं.

“बिचारा वाटून वाटून दमला असंल,” मिस्त्री म्हणाले. “त्याला कुणी बसा तरी म्हणा की.”

आम्ही दोघंही हसलो. पण किल्ल्याचं पुस्तक त्या दिवशी त्यांनी आफरीनसाठी नेलं नाही.

ती नववीत गेली तेव्हाची गोष्ट. शुक्रवार नसताना, भर दुपारी, हाताला वॉर्निश तसंच ठेवून, एक कादंबरी घेऊन मिस्त्री आले. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

“ही तुमी दिली तिला?”

कादंबरी आमची नव्हती. आफरीनच्या मैत्रिणीची होती आणि दप्तराच्या तळाशी सापडली होती. मिस्त्रींनी फक्त पाठीमागचा मजकूर वाचला होता. शिकायचं म्हणून घर सोडणारी मुलगी.

“आधी वाचा तरी,” मी म्हटलं. “तुमचाच नियम आहे.”

ते खिडकीजवळ बसले. दुकान बंद ठेवून संध्याकाळपर्यंत वाचत राहिले. मी चहा ठेवला, तो तसाच निवला. त्या गोष्टीतला बाप मुलीला पुढे शिकू देत नाही. मुलगी खोटं बोलून आत्याच्या गावी निघून जाते. शिकते, मोठी होते. बाप रोज दारात बसून वाट बघतो, पण बोलवायला जात नाही. शेवटी ती येते तेव्हा दोघांनाही बोलणं जमत नाही.

मिस्त्रींनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, “ह्या बापाला कुणी समजावलं का न्हाई, ताई?”

“कुणाचं ऐकलं असतं का त्यानं?”

“न्हाई,” ते म्हणाले आणि पुस्तक घेऊन घरी गेले.

पुढचं सगळं त्यांनीच शुक्रवारी सांगितलं. आफरीन रडून रडून लाल झाली होती. त्यांनी तिला एवढंच विचारलं, “लपवून का वाचलीस?” ती म्हणाली, “सांगितलं असतं तर तुमी न्हाई म्हणला असता.” आणि ते खरं होतं. तेवढ्यात बायको म्हणाली, “मेरेकू तो सुनाओ. मैं बोलती.”

मग ती कादंबरी चुलीपुढे सुरू झाली. या खेपेला आफरीनही आईला टेकून बसली. अवघड पानं आली की मिस्त्री पुस्तक मुलीच्या हातात द्यायचे. शेवटच्या पानाला बायको पदरानं डोळे पुसत म्हणाली, “पढने दो इसकू, जो पढना वो पढने दो. मगर छुपाके नक्को. पढके हमना बी सुनाना.”

असा त्या घरातला कायदा बदलला. मिस्त्रींनी मला तो सांगितला तेव्हा ते थोडे हिरमुसले होते, पण मोठं ओझं उतरल्यासारखे मोकळेही वाटले.

त्या शुक्रवारी त्यांनी स्वतःहून किल्ल्याचं पुस्तक मागून नेलं. पुढच्या आठवड्यात आफरीनच ते परत करायला आली, मागे मिस्त्री.

“कसं वाटलं गं?” मी भीतभीतच विचारलं.

“तो कडा चढून जातो ना, ते एकदम मस्त आहे,” ती म्हणाली. “पण मॅडम, हे लिहिणाऱ्यांच्या गल्लीत आमच्यातलं कुणी राहत नसणार. राहत असतं तर त्यांना कळलं असतं.”

एवढं बोलून ती दुसरं पुस्तक शोधायला कपाटाकडे गेली. मिस्त्री इतकी वर्षं ‘आपण असे असतो का’ या ज्या प्रश्नाला भ्याले होते, तो तिनं विचारलाच नव्हता. “अन् मी उगंच...” एवढं म्हणून त्यांनी हात झटकला आणि मोठ्यानं हसले.

दहावीनंतर आफरीनला परभणीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिला एकटीला ठेवण्यापेक्षा सगळ्यांनीच जायचं ठरलं. मोटारी काय, तिथेही जळतातच.

निघायच्या दिवशी सामानानं भरलेला टेम्पो आमच्या दारासमोर थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी आफरीन आणि तिची आई. मिस्त्री पुस्तक परत करायला आत आले. पुरात हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलाची ती कादंबरी होती. पुस्तक माझ्यापुढे ठेवायचं सोडून ते कपाटाला टेकून वाचायला लागले.

“बांधाबांधीत शेवट राहिला, ताई. दोनच पानं.”

बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मिस्त्रींचे ओठ हलत होते. टेम्पोतून त्यांची बायको बाहेर वाकली आणि हातानं विचारू लागली, काय झालं, काय झालं?

मिस्त्रींनी पुस्तक मिटलं, माझ्या हातात दिलं, एकदम वाकून सलाम केला आणि दाराबाहेर पळालेच. पायरीवरूनच ओरडले, “मिल गया! भाई मिल गया! जिंदा है!”

रस्त्यावरची माणसं थबकली. समोरचा पानवाला टपरीतून खाली उतरला. केळीवाल्या मावशी हातातला तराजू ठेवून म्हणाल्या, “अगं बाई, बरं झालं! किती दिवसांपासून बेपत्ता होता?”

मिस्त्री टेम्पोत चढले. दार लागलं तरी त्यांचे हात चाललेच होते, पूर किती मोठा होता ते दाखवत. टेम्पो वळला आणि दिसेनासा झाला.

पानवाला हात पुसत वाचनालयात आला.

“ताई, मिस्त्रींना भाऊ हाय हे आमाला ठाऊकच न्हवतं. मग इतके दिवस व्हता कुठं तो?”

मी ती कादंबरी त्याच्यापुढे सरकवली.