वाळुंजाच्या सालीचा अर्ज

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. वडूजच्या कचेरीसमोर, कडुनिंबाखाली, वीस वर्षे अर्ज लिहिणारा मी. शिक्षण सातवीपर्यंत, तेही नापास. परंतु माझ्या मजकुरात खोट काढण्याची कोणा कारकुनाची छाती नव्हती. हा अभिमान आधी सांगतो, कारण अपराध त्याच्याच पोटी जन्मला. आता थकलो आहे.

गोष्ट ब्याण्णव सालची. येरळेकाठी वीस गुंठ्यांत टोमॅटो लावणारी शेवंताबाई माझ्यासमोर येऊन बसली. वाळुंजाच्या झाडाची साल भिजवून ते पाणी तिने रोपांना घातले होते. चार सऱ्या मुद्दाम तशाच ठेवल्या होत्या. त्या चार करपा रोगाने गेल्या, बाकी रान हिरवे राहिले.

"आवं अप्पा, पानी काय रोग मारत न्हाई. झाडच जागं हुतंय बगा! सायबास्नी लिवा, येऊन बगा म्हनावं, समद्यांस्नी सांगा."

झाड जागे होते — हे कोणत्या नमुन्यात बसवायचे? मला लिहिता येईना. पण येत नाही असे म्हणायचे — मी? मी हसलो आणि नेहमीचा अर्ज लिहिला: करप्याने संपूर्ण पीक नष्ट झाले असून पाहणी होऊन मदत मिळावी. वाचून दाखवताना मात्र तिचेच शब्द वाचले. कागदावर नसलेले. तिने समाधानाने अंगठा उठवला.

इथवरच्या वागण्याला कोणी मूर्खपणा म्हणेल. पुढच्याला काय म्हणाल?

शेतकी खात्याचे साहेब शेतावर गेले, तर पीक हिरवेगार. खोटा अर्ज केला म्हणून चारचौघांत तिला बोलले. अप्पांनी वाचला त्यात असे नव्हते, एवढेच ती म्हणत राहिली. शेवटी साहेब तिला घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी चष्मा पुसला — बराच वेळ पुसला — आणि म्हणालो, "बाईंनी सांगितले, तेच लिहिले."

त्या चार सऱ्या साहेबांनी पाहिल्याच नाहीत. बाजारात बायका विचारू लागल्या, "काय गं शेवंते, आज करपा हिरवा हाय का लाल?" पुढल्या साली तिने टोमॅटो लावला नाही.

काही वर्षांनी सांगलीला बागायतदारांच्या मेळाव्यात एका प्राध्यापकांचे भाषण ऐकले. झाडाच्या अंगी संप्रेरके असतात, म्हणाले. एका पानाला रोग लागला की ती बाकीच्या पानांना सावध करतात, मग झाड स्वतःच स्वतःला राखते. वाळुंजाच्या सालीत अशाच एका संप्रेरकाच्या जातीचे द्रव्य असते. ते मिळाले, तर रोग येण्याआधीच झाड जागे होऊ शकते. जागे — हाच शब्द. टाळ्या झाल्या. माझे हात मांडीवरच राहिले.

सांगलीहून परतलो, तरी तिच्याकडे गेलो का? नाही.

गेल्या वर्षी ती एका दाखल्यासाठी आली. ती एरवी जायची तो दुसरा अर्जनवीस त्या दिवशी नव्हता. मी तिचा शब्द न् शब्द उतरवला, वाचून दाखवला. तिने ऐकून घेतले. मग कागद उचलला, समोरच्या चहाच्या टपरीवर नेला, चहावाल्याकडून पुन्हा वाचून घेतला — आणि परत येऊन माझ्या टेबलावर तो ठेवून अंगठा उठवला.