कालिंदीबाई आणि नवसाचा पाय

कालिंदीबाईंनी पट्टी सोडली, तर आधी दिसल्या त्या मुंग्या. तांबड्या, बारीक, घोट्यावरून तळव्याकडे ओळीनं निघालेल्या.

"गणपतराव, काल सौद्याला उभे होता तुम्ही."

"छे हो बाई. दिवसभर घरात गादीवर हुतो. विचारा की हिला."

दारात उभ्या असलेल्या बयाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, नर्सबाईंकडेही नाही; भिंतीकडे पाहिलं. मुंग्या कशाला आल्या ते कालिंदीबाईंना वेगळं सांगायला नको होतं. पट्टीच्या घड्यांत गुळाचा चुरा होता.

शाहूपुरीत गणपतरावांची गुळाची अडत. आपण उभं राहिल्याशिवाय लिलावात सौदा निघतच नाही, अशी त्यांची खात्री. साखरेचं दुखणं जुनं, आणि आता डाव्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम झालेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जखम भरली तर ठीक, आत सडत गेली तर पाऊल काढावं लागेल. म्हणून रोज सकाळी घरी येऊन पाय बघायला कालिंदीबाईंना लावलं होतं.

नवरा गेल्यावर सासरच्यांशी भांडून त्या मिरजेला नर्सिंग शिकून आल्या होत्या. बरोबरीच्या नर्सा बाळंतपणं करत, शेवटी पेढे खात. कालिंदीबाईंच्या वाट्याला हे असले पाय आले. एका घरचा भरला, की दुसऱ्या घरचं बोलावणं. पेढे कोणी दिले नाहीत. रोग्याच्या घरी गोड नसतंच म्हणा.

उकळून निवलेल्या पाण्यानं त्यांनी जखम धुतली. मेलेलं कातडं चिमट्यात धरून कात्रीनं अलगद काढलं, औषधाची ओली घडी ठेवली. भार जखमेवर पडू नये म्हणून जाड नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, मधे भोक पाडलेली चकती भोवती बसवली. गणपतराव तोवर पेपर वाचत होते.

"दुखतंय?"

"जराबी न्हाय."

"तेच तर तुमचं दुखणं आहे. पायाला निखारा लागला तरी कळायचं नाही तुम्हाला."

"म्हंजे दुखलं तर बरं, आन न्हाय दुखलं तर वाईट? ही कुठली डाक्तरी वो बाई?"

हा प्रश्न त्यांनी किती वेळा विचारला असेल! कालिंदीबाईंनी तितक्याच वेळा उत्तर दिलं होतं. घरी जाऊन त्या हात धूत, चहा टाकत आणि एकट्याच पुटपुटत, की या माणसापेक्षा त्याच्या पायाला अक्कल जास्त आहे, निदान तो भरायचं बघतो आहे.

आणि खरोखरच जखम भरत आली. वैशाखात वर कोवळी गुलाबी कातडी धरली. "कांद्याच्या पापुद्र्याएवढी आहे," कालिंदीबाईंनी दोघांनाही बजावलं. "मऊ जोड्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. घरातसुद्धा." दोघांनी इतक्या पटकन मान डोलावली, की त्यांना तेव्हाच शंका यायला हवी होती.

शुक्रवारी त्या गेल्या तर दाराला कडी. शेजारच्या चिमणाबाई धान्य पाखडत होत्या. "अंबाबाईला गेल्यात की दोघं. नवस फेडाय. पाय बरा झाला तर मालकास्नी अनवाणी चालत आणीन, असं बयाबाई बोलल्यावत्या न्हवं?"

पायासाठी बोललेला नवस, आणि तो फेडायचा त्याच पायानं. कालिंदीबाईंनी पिशवी काखेत मारली आणि भर उन्हात निघाल्या. महाद्वाराच्या अलीकडे ती जोडी सापडली. गणपतराव पुढं, ऐटीत. मागं ओटीचं ताट घेतलेल्या बयाबाई.

"बसा खाली," कालिंदीबाई म्हणाल्या.

"आवो बाई, रस्त्यात? लोक बघत्यात."

"बघू देत. बसा."

एका दुकानाच्या पायरीवर ते टेकले. कालिंदीबाईंनी पाय उचलून धरला. गुलाबी कातडी तापल्या रस्त्यानं उलून लोंबत होती आणि मधोमध खडीचा कपचा रुतला होता. गणपतराव हसत होते. "काय सुदीक लागलं न्हाय की."

बयाबाई काहीतरी उलटं बोलणार होत्या. "देवीनं पाय दिला, तर देवीला चार पावलं..." इतकं बोलून त्यांची नजर मागं गेली. आल्या वाटेवर डाव्या पावलाचे तांबडे ठसे उमटले होते. मग त्यांनी हात करून टांगा थांबवला, नवऱ्याला आत बसवलं, आपल्या पायातल्या वहाणा काढून त्याच्या शेजारी टाकल्या आणि म्हणाल्या, "जावा घरला. देवीला काय सांगायचं ते मी सांगतो."

पुन्हा पाणी उकळणं, कात्री, घडी, चकती. या खेपेला जखम हाडाजवळ गेली. पाऊल काढावं का, हे बघायला डॉक्टर दोनदा येऊन गेले. एका सकाळी बयाबाई जवळ येऊन बसल्या.

"बाई, परत नवस बोलायचाय. पर आता तुमास्नी इचारून बोलणार. काय बोलू?"

कालिंदीबाईंनी कात्री खाली ठेवली. "बोला, की पाऊल राहिलं, तर हे जन्मात अनवाणी चालायचे नाहीत. घरातसुद्धा."

"असला नवस देवीला चालतोय व्हय?"

"विचारून बघा."

पाऊल राहिलं. भरायला दसरा उजाडला. तेव्हापासून गणपतराव माजघरातही कापडी बूट घालून वावरू लागले. कोणी हसलं, की म्हणत, "नवस हाय पावणं, मी काय करू?" डॉक्टरांचं जे कधी ऐकलं नाही ते देवीचं मुकाट ऐकलं. कालिंदीबाईंना यावर हसावं की कपाळ बडवावं, कळत नसे.

आठवड्यातून एकदा त्या पाय बघायला जात. एकदा त्यांनी डावा बूट काढून उपडा केला, तर आतून सुपारीचं अख्खं खांड फरशीवर पडलं. अंगठ्याखाली त्याचा खोल खड्डा उमटलेला.

"आयला," गणपतराव खूश होऊन म्हणाले, "कालपासनं हुडकतोय की ही."

कालिंदीबाईंनी पिशवी उघडली आणि बयाबाईंना पाणी उकळायला ठेवायला सांगितलं.