विसाव्याची जागा

मुळगावात आमच्या शेजाऱ्यांची पत्नी श्रावणात, मंगळवारी सकाळी भाड्याच्या खोलीत वारली. त्यांचं नवं घर तिथून दोन मिनिटांवर होतं. तीन वर्षं काम चालू होतं आणि अजून छप्पर नव्हतं.

शेजारी खाणीवर ट्रक चालवत. घर त्यांनी कंत्राटदाराला दिलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते गवंड्याजवळ उभे राहत, प्रत्येक चिरा हातोडीने वाजवून बघत आणि आवाज बद्द आला की तो बाजूला टाकत. ते ड्युटीवर असले की काम बंद. गवंडी म्हणायचा, "भाऊ, चिरे घेतास काय नारळ?" ते हसत नसत.

वहिनींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, आजार वाढल्यावर त्या एकदा माझ्यासमोरच त्यांना म्हणाल्या, "कंत्राटदाराक देवन टाका. गणपतीची एक चवथ तरी माका नव्या घरात करूक मिळांदी."

"तो शिमीट किती घालता, ता आपणाक कोण सांगतलो?" ते म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी वहिनींकडे पाहिलं नाही.

स्मशानाच्या वाटेवर तिरडी एकदा विसाव्यासाठी खाली ठेवतात. आमच्याकडे ती जागा वडाखाली ठरलेली आहे. त्या दिवशी नव्या घरासमोर आल्यावर ते खांदेकऱ्यांना म्हणाले, "विसावो हंय घेवया."

वाळूच्या ढिगाला वळसा घालून तिरडी आत नेली आणि स्वयंपाकघराच्या जागी ठेवली. पाच मिनिटांनी ती उचलून सगळे स्मशानाकडे निघाले.