वॉल्टरच्या गाडीला धक्का

सांगलीहून निघताना मी ह्यांना बजावलं होतं, "मी परत येईन तेव्हा दारातली ती मोटार भंगारात गेलेली दिसली पाहिजे." कित्येक वर्षं ती धक्क्याशिवाय सुरू झाली नव्हती. हे आत बसून स्टिअरिंग धरणार आणि मागून ढकलणार मी.

अमेरिकेत चँडलरला लेकाकडे आले, तर तिथेही तेच नशिबात. निखिल चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. रविवारी म्हणाला, "आई, चल, तुला हॉट रॉड दाखवतो. एकदम ऑथेंटिक अमेरिका!" हॉट रॉड म्हणजे जुन्या मोटारीची कातडी सोलून तिच्यात दांडगं इंजिन कोंबलेलं प्रकरण.

शहर संपलं की नुसते दगड, निवडुंग आणि ऊन. शर्यतीचं मैदान म्हणजे एक सरळ रस्ता. ना वळण, ना चढ. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, किंचाळत सुटतात आणि आपल्याला शिंक येऊन जाईपर्यंत सगळं आटोपतं. एवढ्यासाठी शहाणीसुरती माणसं सकाळपासून उन्हात भाजत बसली होती. खायला कॉर्न डॉग (मक्याच्या पिठात बुडवून तळलेलं, काडीला टोचलेलं सॉसेज). मी लिंबूसरबतावर भागवलं. त्यात लिंबू सोडून सगळं होतं.

एका टोकाला छत्रीखाली एक म्हातारा आपल्या गाडीपाशी एकटाच बसला होता. त्याचं नाव वॉल्टर. ही गाडी त्याने तरुणपणी घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बांधलेली. नुसता नळ्यांचा सांगाडा, पुढे सायकलीसारखी चाकं आणि बसायची जागा मागच्या चाकांच्याही मागे! निखिल भक्तिभावाने फोटो काढत होता.

"हिला स्टार्टर नाही," वॉल्टर म्हणाला. "मागून माझ्या त्या पिकअप ट्रकने ढकलावी लागते."

मला हसू आवरेना. "एवढा गाजावाजा आणि शेवटी धक्काच? आमच्या दारात असलीच एक आहे. मीच ढकलते."

म्हातारा हसला नाही. "ट्रक माझी बायको चालवायची. डॉरथी. गेल्या हिवाळ्यात ती गेली, तेव्हापासून गाडी बंद आहे. उद्या संग्रहालयाचे लोक न्यायला येतात. तिथे ती कायमची बंदच राहणार." तो घुटमळला. "इथली पोरं ढकलू का विचारून गेली, पण ती दांडगाईने ढकलतात. तुम्ही चालवाल ट्रक?"

"आई, नो वे! इन्शुरन्सचा लोचा होईल यार!" निखिल ओरडला.

"तू गप्प बस. पाटबंधारे खात्याची जीप चालवलीय मी."

ट्रकच्या नाकाला फळी बांधलेली होती. ती गाडीला अलगद टेकवून मी ढकलत निघाले. वॉल्टरने हात वर केला, धूर उठला आणि असा आवाज झाला की माझ्या दाढा हलल्या. मी ब्रेक दाबला. गाडी सुरुवातीच्या रेषेवर क्षणभर थांबली आणि सुटली. माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं, हे निखिलला सांगितलेलं नाही.

परतही तिला आपलं आपण येता येत नाही! दोर घेऊन मलाच ट्रकने जावं लागलं. इतकी परावलंबी गाडी मी दुसरी पाहिली नाही. वॉल्टर आत तसाच बसून होता. हेल्मेट मांडीवर, डोळे ओले.

"काहीतरी बोला ना," तो म्हणाला. "डॉरथी इथे पोचली की मला झाडायची."

ते काम मला शिकवावं लागत नाही. कमरेवर हात ठेवून मी मराठीतच सुनावलं, "झालं समाधान? उतरा आता! घरदार आहे की नाही काही?"

त्याला अक्षर कळलं नसणार. "अगदी अशीच," असं पुटपुटत तो उतरला.

महिन्याभराने सांगलीत रिक्षा गल्लीत वळली तशी माझी नजर आधी दाराकडे गेली. मोटार जागच्या जागी होती. ह्यांनी माझं ऐकलं नव्हतं आणि मला चक्क बरं वाटलं. मोटार भंगारच आहे, वॉल्टरचीही भंगारच, त्यात माझं मत तसूभरही बदललेलं नाही.

"उद्या नक्की बोलावतो भंगारवाल्याला," हे चाचरत म्हणाले.

मी बॅग ओट्यावर टेकवली आणि पदर खोचला.

"बसा आत."