छत्रीवालीची खिडकी

बस स्थानकातली हरवलेल्या वस्तूंची खिडकी माझी मैत्रीण सांभाळते. आत छत्र्याच जास्त, म्हणून तिचं नाव छत्रीवाली. वस्तू आधी दाखवायची नाही, खूण विचारायची, हा तिचा नियम.

"लॉस्ट काय, मिसिंग काय, आपल्याकडे दोन्ही हरवलेलंच," मी एकदा म्हणाले. माझी साहित्याची पदवी अशाच कामी येते.

"एक कसं? रस्ता चुकलेला माणूस स्वतःला लॉस्ट म्हणेल. मिसिंग कोण म्हणेल? मागे राहिलेले."

तिच्या वडिलांना विसर पडू लागला, तेव्हा तिने त्यांच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरला खिडकीचा पत्ता छापलेली पिवळी पट्टी शिवली, छत्र्यांना लावते तीच. तिचा दादा भडकला. "बाबा काय छत्री आहेत?"

"छत्र्या परत येतात," ती म्हणाली.

परवा दुपारी वडील घरातून निघून गेले. दादाने पोलीस चौकीत मिसिंगची तक्रार दिली आणि मोटरसायकलवरून गल्ल्या पालथ्या घातल्या. छत्रीवाली खिडकीतच बसून राहिली. मी तिच्या शेजारी.

दादा फोनवर ओरडला. "बाप सापडत नाहीये आणि तू ड्युटी करतेस?"

"पट्टीवर पत्ता इथला आहे, दादा. कुणी त्यांना आणलं आणि खिडकी बंद दिसली तर?"

तिने फोन ठेवला. मग एका बाईंनी पर्स मागितली. हिने खूण विचारली.

दिवे लागायच्या वेळी एक कंडक्टर वडिलांना दंडाला धरून घेऊन आला. "ताई, शेवटच्या थांब्यावर उतरेचनात. कॉलरला तुमची पट्टी होती."

वडिलांचा भांगसुद्धा मोडला नव्हता. त्यांनी तिला ओळखलं नाही. खिडकीवर कोपर टेकून म्हणाले, "बाई, माझी मुलगी हरवलीय. केव्हाचा शोधतोय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने माझा हात दाबला.

"खूण सांगा," ती म्हणाली.

"डाव्या भुवईत टाके पडलेत. झोपाळ्यावरून पडली होती. मी धरायला हवं होतं तिला."

तिने चष्मा काढला, केस मागे सारले आणि खिडकीतून पुढे वाकली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. भुवईवरून अंगठा फिरवला.

"हीच."

"मग घेऊन जा," ती म्हणाली, आणि शटर खाली ओढलं.

दादाला फोन मी लावला. तो हॅलो, हॅलो करत राहिला. "दोघंही सापडली," मी म्हणाले.