भाऊजींचं चुंबक आणि ताईचे चिंचोके

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, उभ्या आयुष्यात कुठलीही गोष्ट दुसऱ्याच्या सांगण्यावरून खरी मानली नाही. यात अतिशयोक्ती नाही. नागपूरच्या गांधीबागेतले कापडवाले त्यांना दुरून ओळखत. एका इंचात किती धागे बसतात हे भिंगातून मोजल्याशिवाय ते साधा पंचाही घेत नसत. एकदा त्यांना येताना पाहून एक दुकानदार माझ्यादेखत नोकराला म्हणाला, "मोजनारे बुवा आले रे. चहा सांगून ठेव, आता घंटाभर काही खरं नाही."

नागपूरच्या उन्हात खिशात कांदा ठेवला की लू लागत नाही, हे आपण सगळे मानतो. भाऊजींनी एका मे महिन्यात एक दिवस कांदा आणि एक दिवस बटाटा ठेवून पाहिला. बटाटा का, तर खिशाला वजन सारखं लागलं पाहिजे. पुढे त्यांना शंका आली की आज खिशात काय आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून डोकं आपल्याला फसवत असेल. मग ताईने त्यांना न सांगता दोहोंपैकी एक पिशवीत शिवून द्यायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी वासानेच बिंग फुटलं. महिनाअखेर त्यांनी जाहीर केलं, "कांदा-बटाटा सारखेच. पण टोपी कामाची आहे गा."

भाऊजी विणकराच्या घरातले. वडिलांचा हातमाग बंद पडला, तेव्हा हे एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागले. घरातला सुताच्या कांड्या भरायचा रहाट मात्र त्यांनी विकला नाही. ज्या रहाटावर वडिलांनी सूत भरलं, त्यावर हे तांब्याची तार गुंडाळत आणि वेढे मोठ्याने मोजत. मध्ये कोणी बोललं की संपूर्ण तार उलगडून पुन्हा एकपासून सुरुवात. मी एकदा नकळत "चहा घेणार का?" असं विचारून बसलो. त्यांनी रागावून पाहिलंही नाही. शांतपणे रहाट उलटा फिरवू लागले आणि वर म्हणाले, "घेतो."

असा माणूस एका गोष्टीपुढे मात्र नऊ वर्षं हतबल होता. तिसऱ्या बाळंतपणात ताईला इजा झाली आणि तिचा शौचावरचा ताबा गेला. हे मी सरळ लिहितो, कारण न बोलण्यानेच तिचं अधिक नुकसान झालं. ती लग्नाला जाईना, हळदीकुंकवाला जाईना. आमची आई रामटेकला एकटी राहायची. बसने दीड तासाचा रस्ता. नऊ वर्षांत ताई एकदाही माहेरी आली नाही. आई दरवर्षी अंगणातल्या झाडाची चिंच माझ्यासोबत पाठवायची आणि विचारायची, "पोरगी काहून येत नाही? माझ्यावर राग हाय का तिचा?" मला खरं सांगता येत नसे. गुडघ्यांमुळे आई घराबाहेर पडत नव्हती, आणि दर खेपेला थोडी अधिक वाकलेली दिसत होती.

ऐंशीचं दशक संपायला दोन-तीन वर्षं होती तेव्हाची गोष्ट. ताईच्या डॉक्टरांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं की तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर जोराची वीज सोडली, तर वेटोळ्याचं क्षणभर चुंबक होऊन कातडीखालची नस जागी होते. सुई नको, कापाकापी नको. कमरेखालच्या नसांवर हे करून पाहावं, असं त्यांच्या मनात आलं. यंत्र त्यांनी जमवलं. वेटोळं भाऊजींनी रहाटावर केलं आणि आधी महिनाभर स्वतःच्या कमरेवर लावून घेतलं. "टिचकी बसते, पण माणूस मरत नाही," हा त्यांचा अहवाल.

पण ताईला नुसतं लावून पाहणं त्यांना मंजूर नव्हतं. त्यांनी हुबेहूब सारख्या दोन पेट्या केल्या. एकीत खरं वेटोळं, दुसरीत नुसती स्प्रिंगची हातोडी. आवाज आणि टिचकी दोन्हींची सारखी. "हा बटाटा," दुसरीवर हात ठेवून ते म्हणाले. आठ आठवडे दवाखान्यात पेटी लावायची; त्यांतले चार खरे, चार बटाट्याचे. कुठल्या आठवड्यात कुठली पेटी हे मी चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि यादी पाकिटात बंद केली. ती फक्त मला आणि दवाखान्याच्या नर्सबाईंना ठाऊक. ताईला ती गोष्ट तोंडाने सांगणं जमेना, म्हणून ठरलं की कपडे खराब झाले की तिने डब्यात एक चिंचोका टाकायचा. दर आठवड्याला भाऊजी ते मोजून लिहिणार आणि डबा रिकामा करणार. चिंचोके अर्थातच आईच्या झाडाचे.

आठ आठवड्यांनी पाकीट फोडलं. खरे आठवडे आणि बटाट्याचे आठवडे, दोन्हींत चिंचोके जवळजवळ नाहीतच, आणि सारखेच. मला आनंद झाला. भाऊजी मात्र खाली बसले.

"बटाट्यानंही तेवढाच गुण, म्हणजे मशीन काहीच करत नाही," ते म्हणाले. "उद्या डॉक्टरसाहेबांले सांगतो, बंद करा."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत गेली आणि जुन्या लुगड्याचा एक तुकडा घेऊन आली. त्याला ओळीने आठ गाठी होत्या.

"हे काय वं?"

"डब्यात नाही टाकले ते. आठवड्याची एक गाठ."

"काहून?"

"तुम्ही रोज कॉलेजातून आले की चहाच्या आधी डब्यात पाहत होते. एक जरी दिसला तर तुमचं तोंड उतरून जाय. मले पाहवत नव्हतं." मग तुकडा त्यांच्या हातात देत, "पण फेकवलेही नाही मले."

भाऊजींनी गाठी एकेक सोडल्या. मी मोजले, त्यांनी मोजले, मग अदलाबदल करून पुन्हा मोजले. डब्यातले धरून बटाट्याच्या चार आठवड्यांचे एकतीस, खऱ्या चारचे एकोणीस. मग भाऊजी म्हणाले, "तुझी मोजणी माझ्यापेक्षा पक्की निघाली वं." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून कोणाची एवढी स्तुती मी ऐकली नव्हती.

डॉक्टर खूश होऊन 'उत्तम गुण' लिहू पाहत होते. भाऊजींनी लिहू दिलं नाही. "एका बाईवरून दुनिया ठरत नाही, साहेब. फरक दिसला, येवढंच लिहा." आणि खाली स्वतःच्या अक्षरात जोडलं: 'पहिल्या मोजणीत चूक. कारण: रुग्णास नवऱ्याची दया आली.' माझ्या घराण्यात असा जावई आला याचा मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला, तेवढा दुसऱ्या कशाचा वाटलेला नाही.

त्या हिवाळ्यात, खऱ्या पेटीचे आणखी काही आठवडे झाल्यावर, ताई रामटेकच्या बसमध्ये बसली. भाऊजी घड्याळ पाहत शेजारी, मी मागच्या बाकावर. वाटेतल्या मनसर गावाच्या आधी ती स्वतः उठली आणि कंडक्टरला म्हणाली, "भाऊ, पाच मिनिटं थांबवा. मले जावं लागते." परत येऊन बसली, तेव्हा भाऊजींनी चिंचोक्यासाठी तिच्यापुढे तळहात धरला. तिने तो रिकामाच मिटवला.

आई अंगणात चिंचेखाली बसली होती. तिने ताईला जवळ घेतलं आणि काही विचारलं नाही.

आता आई नाही, भाऊजीही नाहीत. ते गेल्यावर ताईने लुगड्याचा तो तुकडा, चिंचोके पुन्हा गाठींत बांधून, माझ्याकडे दिला. तो माझ्या कपाटात त्या पाकिटाशेजारी आहे. आकडे मला पाठ आहेत. तरीही उन्हाळ्यात कपाट आवरायला काढलं की मी गाठी सोडून एकदा मोजून घेतो, आणि मध्ये कोणी बोललं तर पुन्हा एकपासून सुरू करतो.