बापूकाकांच्या हातचा शाफ्ट

तुटलेला शाफ्ट माझ्या टेबलावर ठेवून मालक म्हणाले, "वीणाजी, कोटेशन आज ही चाहिए." आणि फोनवर बोलत खिडकीपाशी गेले.

हा फिरता दांडा साड्यांना फिनिश देणाऱ्या एका जुन्या मशीनचा होता. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. ड्रॉइंग नाही, नमुना हाच. बेअरिंग बसतं त्या जागी केसाच्या दहाव्या हिश्शाइतकीच चूक चालणार होती. याला आम्ही टॉलरन्स म्हणतो. असलं काम आमच्या वर्कशॉपमध्ये एकटे बापूकाका करायचे. रेल्वेच्या कारखान्यातून रिटायर होऊन ते लोखंड कातायच्या आमच्या लेथवर आले होते. अख्ख्या वर्कशॉपमध्ये मराठी आम्ही दोघंच. मालकांना कळू नये असं काही असलं की खुशाल मराठीत बोलायचो. बहुतेक वेळा मालकांच्या पाणचट चहाविषयी.

शाफ्ट बघायला आलेल्या काकांना मी विचारलं, "काका, किती तास धरू?"

"दुप्पट धर, पोरी. काम जाऊ दे."

आमच्या धंद्यात नको असलेल्या कामाला कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. भाव चढवायचा. गिऱ्हाईक आपणहून जातं आणि संबंध राहतात. पण काकांना असं काम नको? मी विचारणार, तोच त्यांनी मोजायला मायक्रोमीटर उचललं. ते टेबलाच्या काचेवर किणकिणायला लागलं. काकांनी दुसऱ्या हाताने तो हात दाबून धरला.

"हाताचं काही खरं नाही राहिलं गं. यांना सांगू नकोस. घरी बसवतील."

मी कोटेशनमध्ये तास दुप्पट लावले, भाव दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक स्वतः आलं. भला माणूस. घासाघीस नाही, काही नाही.

"मंजूर है. बापूजी के हाथ का होगा, और क्या चाहिए."

एरवी एवढ्यावर काका आठवडाभर मिरवले असते. त्या दिवशी गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी लेथ बंद केला, हात पुसले आणि मालकांपुढे येऊन उभे राहिले.

"मालिक, हमसे नहीं होगा. हाथ काँपता है."

"तबीयत ठीक नहीं होगी. कल कर लीजिए."

"कल भी काँपेगा."

मालक वाईट नव्हते. खुर्चीवर बसून नव्या कारागिरांना दाखवत जा, म्हणाले. मीही म्हटलं, "थांबा ना, काका."

"बसून बघवणार नाही मला," काका म्हणाले. डबा उचलला आणि नदीकाठच्या संकठा घाटाकडे, आपल्या घरी निघून गेले. ऑफिसात रडणारी मी नव्हे, पण त्या दिवशी रडले.

काम नाकारायचं पत्र मलाच टाइप करावं लागलं. त्याला आमच्याकडे रिग्रेट लेटर म्हणतात. त्यात कारण द्यावं लागतं. खरं कारण लिहायचा धीर होईना. लिहिलं, "मशीन उपलब्ध नाही." मशीन समोरच होतं, सकाळी काकांनीच तेल घातलेलं.

नको असलेलं काम भाव चढवून टाळा, हे नव्या लोकांना मी अजूनही शिकवते. फक्त गिऱ्हाईक भावासाठी आलंय की माणसासाठी, ते आधी विचारून घ्या म्हणते.